घोड्यांच्या विक्रीच्या जाहिरातींतील लघुरूपांचा अर्थ कसा लावावा?

नवा_स्वार यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. गेली तीन वर्षे मी नियमितपणे घोडेस्वारी शिकत आहे आणि आता स्वतःचा पहिला घोडा घ्यावा, असे मनात आहे. त्यासाठी ब्रिटिश आणि अमेरिकी संकेतस्थळांवरील विक्रीच्या जाहिराती वाचायला सुरुवात केली, पण त्यांतील निम्मा मजकूर केवळ आद्याक्षरांत असल्यामुळे जाहिरात घोड्याची बाजू मांडते आहे की त्याचे दोष झाकते आहे, हेच मला ठरवता येत नाही. माझे प्रशिक्षक मदत करतील, याची मला खात्री आहे. तरी त्यांच्याकडे जाण्यापूर्वी आपण काय वाचतो आहोत, ते स्वतःला कळावे, अशी माझी इच्छा आहे.

नमुन्यादाखल दोन जाहिराती, विक्रेत्यांची ओळख वगळून, इथे उतरवतो.

पहिली, ब्रिटनमधील: «१५.२ एचएच बी जी, रायझिंग ५, टीबीएक्स. बाय अमुक, ओ/ओ तमुक. एसजे, एक्ससी, बीई९०. गुड टू शू, क्लिप अँड बॉक्स. यूटीडी. नो व्हाइसेस. नॉट अ नॉव्हिस राइड. ओव्हीएनओ. एलडब्ल्यूव्हीटीबी कन्सिडर्ड.»

दुसरी, अमेरिकेतील: «एक्यूएचए सीएच एम, ९ वायओ, १५ एच. डब्ल्यू/टी/सी. ५-पॅनल एन/एन एक्सेप्ट एचईआरडीए एन/एचआरडी. नेग कॉगिन्स. एए सेफ. सर्व्हिसेबली साउंड. लो फाइव्ह्ज.»

मला केवळ अर्थांची यादी नको आहे. यांपैकी कोणते अक्षर पडताळून पाहता येते आणि कोणते केवळ विक्रेत्याचे मत असते, हे जाणकारांनी सांगितल्यास मी आभारी राहीन.

जुनी_पागा यांचे उत्तर

तुमचा शेवटचा प्रश्न योग्य आहे, म्हणून पहिली जाहिरात त्याच दृष्टीने उलगडतो.

‘एचएच’ म्हणजे ‘हॅंड्स हाय’, अर्थात घोड्याची उंची. एक हॅंड म्हणजे चार इंच, म्हणजेच १०.१६ सेंटिमीटर, आणि उंची डोक्यापर्यंत नव्हे, तर मानेच्या मुळाशी खांद्यांवर जो उंचवटा असतो तिथपर्यंत मोजतात. इथे नवख्या वाचकाची हमखास चूक होते ती बिंदूपाशी. १५.२ हा दशांश अपूर्णांक नाही. त्याचा अर्थ पंधरा हॅंड आणि वर दोन इंच, म्हणजे एकूण ६२ इंच किंवा सुमारे १५७.५ सेंटिमीटर. त्यामुळे १५.३ नंतरची उंची १५.४ नसून थेट १६ असते, आणि १५.५ असे कोणी लिहिले असेल तर लिहिणाऱ्याला ही पद्धत ठाऊक नाही, असे समजावे. परंपरेने १४.२ पर्यंतचे जनावर तट्टू आणि त्याहून उंच तो घोडा, असे मानतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तट्टांसाठी नालांशिवाय १४८ आणि नालांसह १४९ सेंटिमीटर ही मर्यादा आहे. उंची ही मोजता येणारी गोष्ट आहे, तरीही जाहिरातीत ती बहुतेक वेळा अंदाजाने लिहिलेली असते. पाहायला जाल तेव्हा मोजपट्टीची काठी मागा.

‘बी जी’ यातील पहिले अक्षर रंगाचे आणि दुसरे लिंगाचे. ‘बी’ म्हणजे ‘बे’, ज्याला आपल्याकडे कुमैत म्हणतात: अंग तपकिरी, आयाळ, शेपूट आणि पायांचे खालचे भाग काळे. ‘जी’ म्हणजे गेल्डिंग, खच्ची केलेला घोडा. ‘एम’ म्हणजे मेअर, घोडी. ‘एफ’ म्हणजे वयात न आलेली घोडी आणि ‘सी’ म्हणजे त्याच वयाचा नर. ‘सीएच’ हा चेस्टनट, ज्याचे अंग तांबूस असते आणि आयाळ-शेपटीत काळा रंग नसतो. ‘जीआर’ म्हणजे ग्रे, आणि या रंगाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे: ग्रे घोडा जन्मतः गडद असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो, त्यामुळे कागदपत्रांतील जुने वर्णन आणि समोरचा घोडा यांत तफावत दिसली, तर लगेच संशय घेऊ नये.

‘रायझिंग ५’ म्हणजे पाच वर्षांचा नव्हे, तर चार पूर्ण करून पाचव्या वाढदिवसाकडे चाललेला. हा वाढदिवसही पुष्कळदा खरा नसतो. उत्तर गोलार्धातील थरोब्रेड (शर्यतींसाठी पैदास केलेली जात) घोड्यांचे वय १ जानेवारीला आणि ऑस्ट्रेलियात १ ऑगस्टला एका वर्षाने वाढते, मग शिंगरू प्रत्यक्षात कोणत्याही महिन्यात जन्मलेले असो. या वयाचा दावा दातांवरून बऱ्यापैकी तपासता येतो, कारण पुढच्या दातांच्या जोड्या साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास पडून कायमचे दात येतात. वय जसे वाढत जाते तसा दातांवरून केलेला अंदाज सैल होत जातो.

‘टीबी’ म्हणजे थरोब्रेड आणि पुढचा ‘एक्स’ म्हणजे संकर. संकर कशाशी झाला, हे सांगितलेले नाही, आणि तोच प्रश्न तुम्ही विचारायला हवा. भारी बांध्याच्या आयरिश ड्राफ्टशी झालेला संकर आणि एखाद्या हलक्या तट्टाशी झालेला संकर यांच्या हाडापेरात आणि स्वभावात पुष्कळ अंतर असते. ‘आयडी’ हे आयरिश ड्राफ्टचे, ‘आयएसएच’ हे आयरिश स्पोर्ट हॉर्सचे, ‘डब्ल्यूबी’ हे वॉर्मब्लडचे (स्पर्धांसाठी पैदास केलेले युरोपीय घोडे) आणि ‘केडब्ल्यूपीएन’ हे डच वॉर्मब्लडच्या नोंदवहीचे लघुरूप आहे.

‘बाय’ नंतर नेहमी बापाचे नाव येते आणि ‘ओ/ओ’, म्हणजे ‘आउट ऑफ’, यानंतर आईचे. जाणकार मंडळी या दोन शब्दांची अदलाबदल कधीच करीत नाहीत, त्यामुळे ‘आउट ऑफ’ पुढे एखाद्या प्रसिद्ध नराचे नाव दिसले, तर लिहिणाऱ्याचा या व्यवसायाशी फारसा संबंध नाही, एवढे कळते. याच ओघात आणखी एक संकेत: थरोब्रेडच्या व्यवहारात दोन घोडे एका आईचे असतील तरच त्यांना सावत्र भावंडे म्हणतात, बाप एक असणे पुरेसे नसते, कारण मागणी असलेल्या एका नराची शेकडो शिंगरे असू शकतात आणि तो संबंध सांगून विशेष काही सिद्ध होत नाही.

‘एसजे’ म्हणजे शो जंपिंग, मैदानात उभारलेल्या, धक्का लागताच खाली पडणाऱ्या अडथळ्यांवरून उड्या. ‘एक्ससी’ म्हणजे क्रॉस-कंट्री, मोकळ्या रानातील पक्क्या अडथळ्यांवरून धाव. ‘बीई९०’ मधील अक्षरे ब्रिटिश इव्हेंटिंग या संस्थेची (इव्हेंटिंग म्हणजे शिस्तबद्ध हालचाली, शो जंपिंग आणि क्रॉस-कंट्री यांची एकत्रित स्पर्धा) असून आकडा अडथळ्यांची सेंटिमीटरमधील उंची सांगतो. याची नोंद संस्थेकडे असते, म्हणजे हा दावा पूर्णपणे पडताळता येतो. ‘एसजे’ आणि ‘एक्ससी’ ही नुसती अक्षरे मात्र काहीच सिद्ध करीत नाहीत; घोडा एकदा लाकडाच्या ओंडक्यावरून उडी मारून गेला, तरी ती लिहिता येतात.

‘गुड टू शू, क्लिप अँड बॉक्स’ यातील ‘बॉक्स’ म्हणजे घोड्यांच्या वाहनात चढणे. ‘क्लिप’ म्हणजे हिवाळ्यात वाढलेले अंगावरचे केस यंत्राने कापणे, आणि ‘शू’ म्हणजे नालबंदापुढे शांत उभे राहणे. ही तिन्ही कामे तुमच्या डोळ्यांदेखत करून दाखवता येतात, निदान वाहनात चढणे तरी. ‘यूटीडी’ म्हणजे ‘अप टू डेट’, लसीकरण आणि कधी जंतनाशनही वेळेवर झालेले. ‘ओव्हीएनओ’ म्हणजे ‘ऑर व्हेरी निअर ऑफर’: सांगितलेल्या किमतीच्या अगदी जवळचा प्रस्ताव चालेल. ‘ओएनओ’ आणि अमेरिकेतील ‘ओबीओ’ यांत घासाघिशीला थोडी अधिक जागा असते.

‘नॉट अ नॉव्हिस राइड’ म्हणजे हा घोडा नवशिक्यासाठी नाही. ‘एलडब्ल्यूव्हीटीबी’ म्हणजे ‘लोन विथ व्ह्यू टू बाय’, पुढे विकत घेण्याच्या इराद्याने काही काळ वापरायला नेणे.

दुडकी यांचे उत्तर

जुनी_पागा यांचे विवेचन उत्तम आहे, पण ‘नॉव्हिस’ या शब्दावरून ते फारच लवकर पुढे गेले, असे मला वाटते. माझ्या पाहण्यात खरेदीदारांची सर्वांत मोठी फसगत याच एका शब्दाने होते, आणि त्यात विक्रेत्याचा दोष असतोच असे नाही.

‘नॉव्हिस राइड’ असे लिहिले असेल, तर तिथे नॉव्हिस हा स्वार आहे: अननुभवी माणसाला सांभाळून घेणारा घोडा. ‘नॉव्हिस हॉर्स’ असे लिहिले असेल, तर नॉव्हिस हा घोडा आहे, म्हणजे त्याचेच शिक्षण अपुरे आहे आणि त्याला अनुभवी स्वार हवा. अर्थ नेमका उलटा झाला. ‘इव्हेंटेड टू नॉव्हिस’ असे लिहिले असेल, तर हे एका स्पर्धेच्या पातळीचे नाव आहे, आणि इथे देशही पाहावा लागतो. ब्रिटिश इव्हेंटिंगमध्ये नॉव्हिस ही पातळी बीई१०० च्या वरची असून तिथे क्रॉस-कंट्रीचे अडथळे १.१० मीटरपर्यंत असतात. अमेरिकेतील नॉव्हिस पातळीवर ती मर्यादा सुमारे ९० सेंटिमीटर आहे. म्हणजे अमेरिकी नॉव्हिस हा ब्रिटनमधील बीई९० च्या जवळपास बसतो. आणि ब्रिटनमधील ड्रेसाजमध्ये (शिस्तबद्ध हालचालींच्या स्पर्धेत) नॉव्हिस ही प्रिलिमिनरीनंतरची, तशी सोपीच पातळी असते. एकच शब्द, आणि त्याचे निदान चार अर्थ, तेही एकाच जाहिरातीत एकत्र येऊ शकणारे.

तुमच्या पहिल्या जाहिरातीतील घोडा चार वर्षांचा, थरोब्रेडच्या रक्ताचा आणि ‘नॉट अ नॉव्हिस राइड’ आहे. या तीन गोष्टी एकत्र वाचा. विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितले आहे की, हा पहिला घोडा म्हणून घेऊ नका. तीन वर्षांच्या शिक्षणानंतर तुमच्या हातात किती सफाई आली आहे, ते तुमचे प्रशिक्षकच सांगू शकतील, पण माझ्या मते स्वार आणि घोडा असे दोघेही शिकत असलेली जोडी दोघांनाही त्रासाची ठरते.

एकाच अक्षरगटाचे दोन अर्थ असण्याची आणखी काही उदाहरणे देते, कारण ती कुठल्याही यादीत शेजारी-शेजारी लिहिलेली सापडत नाहीत.

‘पीओए’ किमतीच्या जागी असेल, तर ‘प्राइस ऑन ॲप्लिकेशन’, किंमत विचारल्यावर सांगू. जातीच्या जागी असेल, तर ‘पोनी ऑफ द अमेरिकाज’, ही १९५० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेली ठिपकेदार तट्टांची जात. ‘एनएच’ आयर्लंड किंवा ब्रिटनमधील जाहिरातीत बहुधा ‘नॅशनल हंट’, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतींतून आलेला घोडा. पण ‘एनएच ट्रेण्ड’ असे असेल, तर ‘नॅचरल हॉर्समनशिप’, म्हणजे घोड्याची देहबोली ओळखून हळूहळू शिकवण्याची पद्धत. या दोन घोड्यांची पूर्वायुष्ये किती वेगळी असतील, याची कल्पना करा. ‘एए’ युरोपात जातीच्या जागी आले, तर अँग्लो-अरब. तुमच्या दुसऱ्या जाहिरातीतील ‘एए सेफ’ मात्र ‘ॲडल्ट ॲमॅच्युअर’, हौशी प्रौढ स्वारासाठी सुरक्षित, असे सांगते. ‘पीबी’ जातीपूर्वी आले, तर पार्ट-ब्रेड. म्हणून ‘पीबीए’ म्हणजे अंशतः अरब रक्ताचा.

वेल्श तट्टांच्या बाबतीत ‘सेक ए’, ‘सेक बी’ अशी अक्षरे दिसतील. हे गुणानुक्रम नाहीत, नोंदवहीचे विभाग आहेत. ब्रिटनमध्ये ‘ए’ हे १२ हॅंडपर्यंतचे, ‘बी’ १३.२ पर्यंतचे हलक्या बांध्याचे, ‘सी’ त्याच उंचीचे पण भरीव बांध्याचे आणि ‘डी’ १३.२ हून उंच असते. ‘सेक डी’ हे ‘सेक ए’ पेक्षा हलक्या प्रतीचे असते, असा समज करून घेतलेले लोक मला भेटलेले आहेत.

तेव्हा माझी पद्धत अशी आहे: अक्षर वाचण्यापूर्वी जाहिरात कोणत्या देशातील आहे आणि घोडा कोणत्या प्रकारच्या स्वारीत वावरलेला आहे, हे आधी ठरवायचे, आणि मगच अक्षराला अर्थ द्यायचा. त्यातून मार्ग निघाला नाही, तर विक्रेत्याला तो शब्द पूर्ण लिहून पाठवायला सांगायचे. यात कमीपणा काहीच नाही.

अश्ववैद्य यांचे उत्तर

दुसऱ्या जाहिरातीत वैद्यकीय भाग अधिक आहे, म्हणून तिच्याविषयी लिहितो. मी घोड्यांचा पशुवैद्य आहे.

‘एक्यूएचए’ ही अमेरिकेतील क्वार्टर हॉर्स जातीची नोंदणी करणारी संस्था. ‘९ वायओ’ म्हणजे नऊ वर्षांची. ‘डब्ल्यू/टी/सी’ म्हणजे वॉक, ट्रॉट, कॅंटर: साधी चाल, दुडकी आणि त्यापुढची तीन ठेक्यांची धाव. घोडी या तिन्ही चालींत स्वाराचे ऐकते, एवढाच याचा अर्थ. त्यात कौशल्याचा दावा नाही.

‘नेग कॉगिन्स’ म्हणजे कॉगिन्स चाचणीत दोष आढळला नाही. ही रक्ताची चाचणी लेरॉय कॉगिन्स या संशोधकाच्या नावाने ओळखली जाते आणि ती घोड्यांच्या संसर्गजन्य पांडुरोगासाठी करतात. हा रोग विषाणूचा असून रक्त शोषणाऱ्या मोठ्या माश्यांमार्फत आणि दूषित सुयांमार्फत पसरतो; त्यावर उपचार नाही आणि बाधित घोडा आयुष्यभर विषाणू बाळगून असतो. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घोडा नेताना सामान्यतः हा दाखला लागतोच. म्हणून ‘नेग कॉगिन्स’ ही काही विशेष प्रशस्ती नाही, पण दाखल्यावरची तारीख अवश्य पाहावी.

आता ‘५-पॅनल’. क्वार्टर हॉर्स आणि तिच्याशी संबंधित जातींत आढळणाऱ्या पाच आनुवंशिक विकारांची ही एकत्रित तपासणी आहे: एचवायपीपी, एमएच, पीएसएसएम१ (स्नायूंत साखर जादा साठण्याचा विकार), एचईआरडीए आणि जीबीईडी (शरीराला साखर नीट साठवता न येण्याचा विकार). ‘एन’ म्हणजे नॉर्मल, निर्दोष जनुक. प्रत्येक जनावराकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बापाकडून आलेली आणि एक आईकडून. म्हणून ‘एन/एन’ म्हणजे दोन्ही प्रती निर्दोष. इथपर्यंत सोपे आहे. खरेदीदार घाबरतात ते एकच ‘एन’ दिसल्यावर, आणि तिथे विकारागणिक वेगळा विचार करावा लागतो.

एचईआरडीए हा त्वचेचा विकार आहे; त्यात त्वचेचे थर एकमेकांना घट्ट धरून राहत नाहीत आणि खोगिराखालची कातडी फाटते. तो प्रकट होण्यासाठी दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. तुमच्या जाहिरातीतील घोडी ‘एन/एचआरडी’ आहे, म्हणजे ती वाहक आहे, स्वतः रोगी नाही. केवळ स्वारीसाठी घेणार असाल, तर या अक्षरांनी तुम्हाला काहीही फरक पडत नाही. तिची पैदास करायची असेल, तर मात्र नर ‘एन/एन’ असल्याची खात्री करावी लागेल, कारण दोन वाहकांच्या प्रत्येक शिंगराला हा विकार होण्याची शक्यता चारात एक असते. जीबीईडी याच पद्धतीने वारशाने येतो आणि त्याने ग्रस्त शिंगरे जगत नाहीत.

एचवायपीपीचे तसे नाही. तो स्नायूंतील सोडियमच्या मार्गिकांचा विकार असून त्याची एक सदोष प्रतही पुरेशी असते: अंग थरथरते, स्नायू दुबळे पडतात, क्वचित घोडा कोसळतो. तो १९६९ साली जन्मलेल्या इम्प्रेसिव्ह नावाच्या नरापर्यंत मागे नेता येतो. त्यामुळे ‘एन/एच’ असे लिहिले असेल, तर घोडा खच्ची असला तरी ती अक्षरे महत्त्वाची आहेत, कारण आहारातील पोटॅशियमवर कायमचे लक्ष ठेवावे लागते. ‘एच/एच’ असलेल्या, २००७ पासून जन्मलेल्या शिंगरांची नोंदणी एक्यूएचएने बंद केली आहे. पीएसएसएम१ आणि एमएच यांतही एक प्रत पुरेशी ठरते. एमएच असलेल्या घोड्याला भूल देताना धोका असतो आणि ते शस्त्रक्रियेपूर्वी वैद्याला माहीत असलेच पाहिजे.

हे सर्व निकाल प्रयोगशाळेच्या कागदावर मिळतात. तो कागद मागावा आणि त्यावरचे नाव व नोंदणी क्रमांक याच घोडीचे आहेत, हे पाहावे.

‘सर्व्हिसेबली साउंड’ या दोन शब्दांवर मी सर्वांत जास्त थांबेन. ‘साउंड’ म्हणजे न लंगडणारा, हालचालीत निर्दोष. त्याआधी ‘सर्व्हिसेबली’ जोडले की अर्थ बदलतो: काहीतरी आहे, पण सध्याच्या कामाला ते आड येत नाही. ही अप्रामाणिक भाषा नव्हे. नऊ वर्षांच्या कष्टाळू घोडीत थोडा सांध्यांचा ताठरपणा असणे स्वाभाविक आहे आणि अशा घोड्या हौशी स्वाराला अनेक वर्षे उत्तम साथ देतात. पण त्यानंतर तीन प्रश्न आलेच पाहिजेत. नेमके काय आहे, सध्याचे काम म्हणजे आठवड्यातून किती आणि कसले, आणि हे काम करण्यासाठी तिला कोणते औषध किंवा सांध्यांत कोणते इंजेक्शन द्यावे लागते? उत्तर टाळले गेले, तर मी पुढे जाणार नाही.

‘लो फाइव्ह्ज’ म्हणजे किंमत पाच आकडी असून त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला आहे.

नवा_स्वार यांचा पुढील प्रश्न

आपण सर्वांनी इतक्या बारकाईने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. दुडकी यांचे म्हणणे पटले आणि पहिल्या घोड्याचा विचार बाजूला ठेवला आहे. दरम्यान ब्रिटनमधील आणखी एका, बारा वर्षांच्या घोड्याची जाहिरात सापडली. तीत ‘एक्स-एलओयू, नाऊ साउंड’, ‘५-स्टेज व्हेटेड’, ‘गुड डूअर’ आणि ‘नो व्हाइसेस’ असे उल्लेख आहेत. पहिले लघुरूप मला कुठेच सापडले नाही. ‘नो व्हाइसेस’ पहिल्या जाहिरातीतही होते, पण त्याबद्दल कोणी लिहिले नाही.

अश्ववैद्य यांचे उत्तर

‘एलओयू’ म्हणजे ‘लॉस ऑफ यूज’. विमा उतरवलेला घोडा दुखापतीमुळे ठरलेल्या कामासाठी कायमचा निकामी झाला आहे, असे एकदा मान्य होऊन त्यापोटी भरपाई दिली गेलेली आहे. ब्रिटनमध्ये अशा घोड्यावर पुष्कळदा वर्तुळातील ‘एल’ हे अक्षर गोठवून उमटवतात. अतिथंड धातूच्या ठशाने तिथल्या केसांचा रंग नाहीसा होतो आणि अक्षर पांढरे उठून दिसते. पाहायला जाल तेव्हा खोगिराखालची जागाही पाहा. घोडा नंतर खरोखर सुधारलेला असू शकतो, पण त्याच दुखण्यासाठी पुन्हा विमा मिळणे कठीण असते आणि पुढे तुम्हाला तो विकायचा झाल्यास हीच अक्षरे तुम्हालाही लिहावी लागतील. दावा कशासाठी केला होता, त्याची वैद्यकीय कागदपत्रे मागा. ती मिळाली नाहीत, तर ‘नाऊ साउंड’ हे केवळ मत उरते.

‘५-स्टेज व्हेटेड’ म्हणजे खरेदीपूर्व वैद्यकीय तपासणीचे पाचही टप्पे झाले: उभ्या घोड्याची तपासणी, हातात धरून चालवणे व दुडकीने पळवणे, खोगीर घालून व्यायाम, विश्रांती, आणि शेवटी पुन्हा दुडकी. अमेरिकेत खरेदीपूर्व तपासणीला ‘पीपीई’ म्हणतात. पण विक्रेता असे लिहितो तेव्हा प्रश्न उरतो, ती तपासणी कोणासाठी झाली होती? बहुधा आधीच्या एखाद्या इच्छुकाने करवली आणि नंतर घेतला नाही. का घेतला नाही, हे विचारा. तपासणीचा निष्कर्षही अमुक कामासाठी योग्य की अयोग्य, असा त्या खरेदीदाराच्या हेतूला धरून असतो. तुमची तपासणी तुमच्या वैद्याकडून, तुमच्या कामाचा उल्लेख करूनच व्हायला हवी. त्या वेळी रक्ताचा नमुना घेऊन ठेवण्याची ब्रिटनमध्ये पद्धत आहे. तो सामान्यतः सहा महिने राखून ठेवतात, जेणेकरून घोडा घरी आल्यावर लंगडू लागला, तर विक्रीच्या दिवशी त्याला वेदनाशामक दिले होते का, हे शोधता येते.

‘गुड डूअर’ म्हणजे कमी खाण्यावरही अंग धरणारा. अमेरिकेत ‘ईझी कीपर’. हे कौतुक म्हणून लिहितात आणि चाऱ्याचा खर्च पाहता ते खरेही आहे. पण असे घोडे हिरव्या कुरणावर लवकर लठ्ठ होतात आणि त्यांना लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतील थरांचा वेदनादायक दाह, होण्याचा धोका अधिक असतो. पूर्वी कधी झाला होता का, हे नाव घेऊन विचारा.

जुनी_पागा यांचे उत्तर

‘नो व्हाइसेस’ माझ्याकडून राहून गेले होते. व्हाइस म्हणजे खोड, आणि या व्यवहारात ‘व्हाइस’ म्हणजे मुख्यतः ठाणावर बांधलेल्या घोड्याच्या खोडी: फळी दातांत पकडून हवा गिळणे, उभ्या उभ्या डावी-उजवीकडे झुलणे, ठाणात सारख्या येरझाऱ्या घालणे. पाठीवर स्वार असताना दुगाण्या झाडणे, मागच्या पायांवर उभे राहणे, घरापासून दूर जायला नकार देऊन अडून बसणे, रहदारीला बुजणे, या गोष्टी विक्रेत्याच्या मनात ‘व्हाइस’ मध्ये येतीलच, असे नाही. म्हणून एक एक खोड वेगळी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

जाहिरातीत काय लिहिलेले नाही, तेही याच पद्धतीने वाचता येते. अनुभवी विक्रेत्याला नाल, वाहन आणि रहदारी हे तीन उल्लेख अपेक्षित असतात, हे ठाऊक असते; त्यांतील दोन लिहिले आणि तिसरा गाळला असेल, तर माझा पहिला प्रश्न त्या तिसऱ्याबद्दल असतो. बऱ्याचदा तो केवळ राहून गेलेला असतो.

नवा_स्वार यांचा प्रतिसाद

आपल्या सांगण्याप्रमाणे त्या बारा वर्षांच्या घोड्याच्या विक्रेत्याला लेखी प्रश्न पाठवले आणि आज सविस्तर, सभ्य उत्तर आले. विम्याचा दावा सात वर्षांपूर्वी, पुढच्या उजव्या पायाच्या स्नायुबंधाच्या दुखापतीसाठी झाला होता आणि कागदपत्रे पाठवण्याची तयारी आहे. वैद्यकीय तपासणी दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे सध्याच्या मालकाने घोडा घेतला त्या वेळची आहे. लॅमिनायटिस कधी झालेला नाही. जाहिरातीत ‘बीई१००’ असेही लिहिले होते. त्याबद्दल विचारले असता, त्या उंचीवर सराव केला आहे, स्पर्धा मात्र बीई९० च्याच केल्या आहेत, असे उत्तर मिळाले. यावरून विक्रेत्याबद्दल मत वाईट करून घ्यावे का?

जुनी_पागा यांचे उत्तर

मी करून घेणार नाही. सरावातली उंची जाहिरातीत लिहिण्याची सवय फार पसरलेली आहे, आणि विचारताच त्यांनी खरे सांगितले. बीई९० चाही पडताळा मात्र घ्या. त्यासाठी घोड्याचे घरातले नाव उपयोगाचे नाही. पासपोर्टवरचे (घोड्याच्या ओळखपत्रावरचे) नोंदणीकृत नाव आणि मायक्रोचिपचा क्रमांक मागा, कारण स्पर्धांच्या नोंदी नोंदणीकृत नावाने असतात. ब्रिटनमध्ये पासपोर्टशिवाय घोडा विकणे बेकायदेशीर आहे, तेव्हा तो दाखवायला त्यांना अडचण नसावी. नावावरून नोंदी मिळाल्या की त्यांच्या तारखा पाहा: दुखापतीनंतरच्या किती आहेत, आणि शेवटची केव्हाची आहे. त्यानंतर स्नायुबंधाची कागदपत्रे तुमच्या वैद्याला दाखवून, अल्ट्रासाउंड करायचा का, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, आणि मगच घोडा पाहायला जा.